पस्तीसचे पंचाहत्तर कसे झाले?



सहामाही परीक्षेनंतर आपल्या संगणक कक्षात एक प्रकार घडला. एका विद्यार्थ्याला गणिताच्या उत्तरपत्रिकेत ३५ गुण होते, पण संगणकातील यादीत ७५ दिसले. त्याच यंत्रावर तो तासाला बसत असे. आम्ही त्याची विचारपूस केली, पालकांनाही बोलावले. "मी नाही केलं," एवढेच तो म्हणत राहिला.

त्या दिवसांत ते यंत्र मधेच अडकत होते. त्यावर लिनक्स आहे. ते नव्याने बसवले तरी दोष गेला नाही. तेव्हा आम्ही क्रमाने तपासले.

१) नोंदी पाहिल्या. डीमेसेज ही आज्ञा दिली की लिनक्स आपली रोजनिशी दाखवते. त्यात दर वेळी निराळाच प्रोग्राम कोसळल्याची नोंद होती, डिस्कची तक्रार मात्र नव्हती. एकच प्रोग्राम वारंवार पडला तर दोष बहुधा त्या प्रोग्रामचा असतो. कोणताही पडू लागला तर मेमरीवर, म्हणजे रॅमवर, संशय घ्यावा.

२) मेमटेस्ट८६ प्लस चालवले. चालू लिनक्स स्वतःच मेमरीचा काही भाग व्यापून बसते, म्हणून ही तपासणी लिनक्स सुरू होण्यापूर्वी ग्रबच्या यादीतून किंवा पेनड्राइव्हवरून करतात. (नव्या यूईएफआय यंत्रांसाठी २०२२ साली आलेली सहावी किंवा नंतरची आवृत्ती घ्यावी.) ती प्रत्येक घरात ठरावीक आकडे लिहून परत वाचते. रात्रभर चालू ठेवावी. एकही चूक दिसली तरी मेमरीवर विसंबू नये. सकाळी आमच्या पडद्यावर लाल ओळी होत्या.

३) पट्ट्या वेगळ्या केल्या. यंत्र बंद करून, प्लग काढून, अंगातील स्थिर वीज जावी म्हणून आधी पेटीच्या उघड्या धातूला हात लावला. मग एकेक पट्टी लावून पाहिली आणि खाचही बदलली. चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी खराब. खाचेपाशीच राहिली तर मदरबोर्ड. आमची एक पट्टी खराब निघाली. ती बदलल्यावर तपासणीत एकही चूक आली नाही.

आता गुणांकडे वळू. साध्या मजकुराच्या फाइलीत ३ हा इंग्रजी आकडा ००११००११ असा साठवतात आणि ७ हा ००११०१११ असा. फरक एकाच बिटाचा! मेमरीत तेवढे एक बिट उलटले आणि फाइल जतन झाली, की ३५ चे ७५ होतात. सर्व्हरमधील ईसीसी मेमरी एका बिटाची चूक स्वतः सुधारते. साध्या यंत्रांत ती सहसा नसते.

नेमके असेच घडले हे आम्ही सिद्ध करू शकत नाही. परंतु असे घडू शकते हे कळल्यावर त्या मुलावरचा आरोप टिकत नाही. आम्ही प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर त्याची क्षमा मागितली. यंत्राची तपासणी आधी आणि मुलाची नंतर, हा क्रम आम्ही चुकलो होतो.

त्या काळात जतन केलेल्या सर्व याद्या उत्तरपत्रिकांशी पुन्हा ताडून पाहिल्या आहेत. कारण खराब मेमरीच्या यंत्रावरून घेतलेली प्रतही खराब असू शकते. विश्वस्तांना विनंती, की दर सत्रारंभी सर्व यंत्रांच्या मेमरीची तपासणी व्हावी.

स्वाध्याय : १ हा आकडा ००११०००१ असा साठवतात. यातील एकच बिट उलटले तर त्याचे कोणकोणते आकडे होऊ शकतील? (सूचना : शेवटची चार बिटे म्हणजे तो आकडाच द्विमान पद्धतीने लिहिलेला.)