वही कुणाला दाखवायची नाही

अगं, परवा फोनवर म्हणालीस ना, "ताई, इंटरमिजिएटनंतर पेन्सिलच धरली नाही, आता हात पार बसला," ते माझ्या मनातून काही जाईना. म्हणून सविस्तर लिहितेय. इतक्या वर्षांनी तुला पुन्हा चित्र काढावंसं वाटतंय, याचाच मला फार आनंद झालाय.

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांनी आपल्याला पुष्कळ दिलं. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. एवढी शिस्त शाळेत दुसऱ्या कुठल्या विषयाने लावली? पण त्यासोबत एक सवयही लागली: चित्र पूर्ण करायचं, स्वच्छ करायचं आणि तपासायला द्यायचं. आता तपासणारं कुणी नाही. म्हणून पहिलं काम हे कर, एक वही अशी ठेव की जी कुणालाच दाखवायची नाही. आईला नाही, मैत्रिणीला नाही, इन्स्टाग्रामवर तर नाहीच. महागडं स्केचबुक घेऊ नकोस, त्याच्या कोऱ्या पानाची भीती वाटते. दादाच्या ऑफिसातले पाठकोरे कागद शिवून घेतलेस तरी चालेल. पान फाडायचं नाही आणि कोपऱ्यात तारीख टाकायची, एवढे दोनच नियम.

वेळ मात्र ठरलेली हवी. रोज अर्धा तास, त्याच जागी, त्याच वेळी. घरात पाण्याचा दिवस असेल, टाक्या-बादल्या भरण्यात सकाळ गेली, तर दहा मिनिटं बस, पण बस. रविवारी सलग चार तास बसून आठवडाभराची भरपाई होत नाही, हे मी खात्रीने सांगते. हात रोजच्या वापराने मोकळा होतो.

सुरुवातीला पाचेक मिनिटं नुसत्या रेघा. मनगट न वळवता, खांद्यापासून हात फिरवून लांब रेघ. मग लंबगोल: तांब्याचं तोंड, वाटीची कड, बादलीचा काठ. कंटाळवाणं वाटेल, पण भांड्याचा लंबगोल बसला की अर्धं स्थिरचित्र बसलं. त्यानंतर पंधरा मिनिटं एकाच विषयाचा अभ्यास, आणि तो विषय आठवडाभर बदलायचा नाही. उरलेली दहा मिनिटं पूर्णपणे तुझी. मांजर काढ, पैठणीच्या पदरावरचा मोर काढ, काहीही. ही शेवटची दहा मिनिटं वेळ नाही म्हणून गाळू नकोस. उद्या पुन्हा बसावंसं वाटतं ते त्यांच्यामुळेच.

पहिला आठवडा हातांचा घे. आपण अजिंठ्यापासून शंभरेक किलोमीटरवर राहतो आणि हात काढायला यूट्यूब शोधतो, याचं मला वाईट वाटतं. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठव, कमळाचा देठ किती अलगद धरलाय त्याने! त्याचं चांगलं छापलेलं चित्र समोर ठेव आणि फक्त तो हात काढ. तिथल्या चित्रकारांनी आधी गेरूच्या रेषेने आकृती बांधली, मग रंग भरले आणि शेवटी गडद रेषेने पुन्हा आकार पक्के केले. म्हणजे रेघ दुसऱ्यांदा ओढणं त्यांनाही वर्ज्य नव्हतं. मग तू खोडरबर घेऊन का बसतेस? पहिली रेघ फिकी ठेव, तिच्यावर दुसरी ओढ, दोन्ही राहू देत. पद्मपाणीनंतर तुझा स्वतःचा डावा हात, आणि मग आईचे भाकरी थापणारे हात. ते थांबत नाहीत, म्हणून भराभर काढावे लागतात, आणि तोच खरा अभ्यास.

नक्कल करण्यात कमीपणा मानू नकोस. रॉबर्ट गिल हा इंग्रज चित्रकार 1844 मध्ये अजिंठ्याला आला आणि वर्षानुवर्षं त्याच भिंतींसमोर बसून चित्रांच्या प्रतिकृती करत राहिला. 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे मांडलेल्या त्याच्या बहुतेक प्रतिकृती जळाल्या. पुढे 1872 पासून मुंबईच्या जेजे स्कूलचा शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे येत राहिला. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच, नंतर नामांकित चित्रकार झाले. लेण्यातल्या अपुऱ्या उजेडात दुसऱ्याची रेषा गिरवता गिरवता या मुलांची नजर तयार झाली. त्यांच्याही बऱ्याच प्रतिकृती पुढे लंडनमधल्याच दुसऱ्या एका आगीत गेल्या, पण तयार झालेली नजर थोडीच जळते!

हात झाले की बाहेर पड. सगळे आधी बीबीच्या मकबऱ्याकडे धावतात. तू नको जाऊस. चार मिनार, मधला घुमट, सगळं इतकं सारखं की पहिल्यांदा काढताना डावं-उजवं जुळवण्यातच जीव जातो. त्यापेक्षा भडकल दरवाजा घे. मलिक अंबरने 1612 मध्ये बांधलेला, भारदस्त, कमानी ठसठशीत. सकाळी लवकर गेलीस तर ऊन तिरपं असतं आणि कमानीच्या आतली सावली स्पष्ट दिसते. दहा वाजल्यानंतर आपल्याकडच्या उन्हात सगळं सपाट होऊन जातं. तोच दरवाजा पुन्हा पुन्हा काढ. तिसऱ्या-चौथ्या वेळी तुला त्यात असं काहीतरी दिसेल, जे रोज रिक्षातून जाताना कधीच दिसलं नव्हतं.

आणि हे मोठी बहीण म्हणून सांगते: एकटी बसणार असशील तर पाठ भिंतीला लावून बस, वही लहान ठेव. लोक डोकावतातच. पोरं विचारतात, "ताई, माझं काढता का?" काढ की! दोन मिनिटांत काढून टाक, चेहरा जुळला नाही तरी त्यांना चालतं. पण कुणाच्या नजरेने अवघडल्यासारखं झालं तर वही मिटून सरळ उठ. चित्र दुसऱ्या दिवशीही काढता येतं.

फोटो काढून घरी येऊन काढण्याची सवय मात्र लावून घेऊ नकोस. त्यापेक्षा आपलं जुनं स्मरणचित्र बरं. शहागंजच्या घड्याळापाशी पाच मिनिटं नुसतं बघ, घरी येऊन आठवून काढ, आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन तिथे जा. कुठे चुकलं ते बघ. जिथे चुकलं, तिथे काल तू पाहिलंच नव्हतंस. माझ्या मते सगळ्या सरावात याहून मोठा गुरू नाही. पुढे कधी शासकीय कला महाविद्यालयात जायचं मनात आलं, तर प्रवेश परीक्षेतही स्मरणचित्र आहेच.

"याचा उपयोग काय?" असं घरात कुणीतरी विचारेल. वाद घालू नकोस, अर्ध्या तासापुरतं दार लोटून घे.

येत्या रविवारी मी येतेय. सकाळी सातला भडकल दरवाजाशी भेट. टोपी, पाण्याची बाटली आणि 4बी पेन्सिल आण. माझ्याकडची 2बी आहेच. आणि तुझी वही मी मागणार नाही.