रोज एक मिलिमीटर

प्लास्टिक सर्जन म्हटलं की लोकांना नाक सरळ करणारा माणूस आठवतो. माझ्या ओपीडीत येतात ते बाइकवरून पडून हात लुळा झालेले तरुण, मांजाने किंवा काचेने मनगट कापलेली पोरं, कडबाकुट्टीत हात सापडलेले शेतकरी. नसांच्या शस्त्रक्रियेत हयात घालवल्यावर जे पक्कं कळलं, ते या शाखेत येऊ पाहणाऱ्यांसाठी लिहून ठेवतोय.

१. पहिला प्रश्न एकच : अपघात कधी झाला?
वायर जोडली की दिवा लागतो, तसं नसेचं नसतं. तुटलेल्या जागेच्या पुढचे तंतू मरतात. ऑगस्टस वॉलर यांनी हे १८५० मध्येच दाखवून दिलं. नवे तंतू वरून खाली वाढत येतात, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. मानेपासून पंजापर्यंतचं अंतर मोजलं की हिशेब दोन वर्षांच्या आसपास जातो. इकडे नसेविना पडून राहिलेला स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षात कायमचा निकामी होतो. या दोन मुदतींचा मेळ घालणं हेच आमचं काम.

२. ‘येईल हळूहळू’ म्हणताना तारीख सांगा.
काचेने नस स्वच्छ कापली असेल, तर थांबायचं कारणच नाही. जोड काही दिवसांत व्हायला हवा. अपघातात नस ताणली गेली असेल, तर थोडं थांबावं लागतं, कारण काही नसा आपल्या आपण सावरतात. पण थांबायचं म्हणजे दर महिन्याला हात तपासायचा. तीन महिन्यांत हालचालीचा मागमूस नसेल, तर शस्त्रक्रियेची तयारी करायची. सहा महिन्यांनंतर यशाची शक्यता घटत जाते. हाड जुळलं, जखम भरली, म्हणून निर्धास्त राहिलेला पेशंट वर्षाने येतो, तेव्हा आमच्या हातात फार थोडं उरलेलं असतं.

३. सगळा हात मागू नका, आधी कोपर मागा.
हाताला मानेतून नसांची पाच मुळं येतात. बाइकच्या अपघातात ती कधी कधी मज्जारज्जूपासूनच उपटून निघतात. मग जोडायला वरचं टोकच उरत नाही. अशा वेळी चालू नसेतला थोडा भाग उसना घ्यायचा. पंजा शाबूत असेल, तर करंगळीकडे जाणाऱ्या अल्नर नसेतला तंतूंचा एक जुडगा दंडाच्या बायसेप्सला जोडता येतो. फ्रान्सच्या ओबर्लिन यांनी ही पद्धत १९९४ मध्ये मांडली. जोड स्नायूच्या अगदी जवळ असल्याने वाट काही महिन्यांचीच उरते. सुरुवातीला कोपर वाकवायला पेशंटला मूठ आवळावी लागते; पुढे मेंदू शिकतो. कोपर वाकलं की पिशवी अडकवता येते, वस्तू छातीशी धरता येते. त्यानंतर खांदा, मग बाकीचं.

४. भूलतज्ज्ञांशी आदल्या दिवशी बोला.
ऑपरेशनमध्ये नसेला बारीक विजेचा झटका देऊन कोणता जुडगा कुठे जातो, ते आम्ही ओळखतो. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर उरला असेल, तर जिवंत नसही मेलेली वाटते; म्हणून हे त्यांच्याशी आधीच ठरवायचं. नस जोडताना तिच्यावर ताण नको, हेही लक्षात ठेवा. केसाहून बारीक धाग्याने टाके घालता येतात म्हणून दूर गेलेली टोकं ओढून जुळवू नयेत. त्यापेक्षा पोटरीतली सुरल नस मध्ये घालावी. त्या बदल्यात पावलाची बाहेरची कड बधिर होते, हे पेशंटला आधीच सांगावं.

५. नसेचा हट्ट धरू नका.
उशीर झाला असेल, तर चालू स्नायूचा कंडरा दुसऱ्या कामाला लावता येतो. कुष्ठरोगाने वाकलेल्या बोटांसाठी वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी आणि मुंबईत नोशीर अंतिया यांनी पुनर्रचनेचं केवढं काम उभं केलं! लुळ्या पडलेल्या मनगटाला या मार्गाने काही आठवड्यांत उठता येतं. पेशंटला हात हवा असतो, आपली आवडती शस्त्रक्रिया नव्हे.

६. घरच्यांना कामाला लावा.
नस पोहोचली आणि सांधे आखडलेले असले, तर सगळी मेहनत वाया. म्हणून बायकोला, आईला रोज बोटं हलवून द्यायला शिकवायचं. नसेच्या वाटेवर टिचकी मारली की मुंग्या येतात. ज्यूल टिनेल यांनी १९१५ मध्ये सांगितलेली ही खूण. ती जागा दर महिन्याला खाली सरकते. तिथे पेनाने तारीख घातली की पेशंटला प्रगती दिसते आणि तो व्यायाम सोडत नाही.

७. न आलेल्यांना फोन करा.
या शाखेत निकाल टाके काढताना कळत नाही, दोन-तीन वर्षांनी कळतो. सारखी हॉस्पिटलं बदलणाऱ्या सर्जनला आपलं काम जमलं की फसलं, हेच समजत नाही. एका जागी टिकलात, तरी आणखी एक फसगत आहे. ज्यांचा हात उठला, ते पेढे घेऊन येतात. ज्यांचा नाही उठला, ते भाडं खर्चून कशाला येतील? समोर फक्त बरे झालेले दिसतात आणि आपला हात फार चांगला आहे, असं वाटू लागतं. म्हणून पेशंटचा आणि एखाद्या नातेवाइकाचाही नंबर लिहून ठेवा. पुढच्या शस्त्रक्रियेत काय बदलायचं, ते न आलेल्यांकडूनच कळतं.