इचलकरंजीचे माग

आपल्या गावातली पुष्कळ माणसे रोज सकाळी वडापने इचलकरंजीला मागावर जातात. हे माग तिथेच एवढे का झाले, ते मी गुरुजींना, आजोबांना आणि आईला विचारून लिहिले आहे.

पूर्वी तिथे हातमाग होते. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी उद्योगांना मदत केली. एकाचा माग चालला, म्हणून दुसऱ्याने घातला. आधी लुगडी विणत, नंतर धोतरे आणि पॉपलिन.

आता गंमत बघा. माग कधी एकटा येत नाही. उभ्या धाग्याला खळ लावायला सायझिंग लागते. हजारो धागे एकेक करून फणीत ओवायला वहिफणीवाले लागतात. माग बिघडला की जॉबर लागतो. शिवाय सुताचा व्यापारी, हिशेबाला दिवाणजी, बीम न्यायला टेम्पो, आणि रात्रपाळीला चहावाला! ज्याच्याकडे सूत घ्यायला पैसे नाहीत, तो व्यापाऱ्याचे सूत मजुरीवर विणून देतो. त्याला खर्चीवाला म्हणतात. म्हणून चारच माग असलेला माणूससुद्धा मालक झाला. हे सगळे एका ठिकाणी मिळते, म्हणून नवीन माणूसही तिथेच माग घालतो. आपल्या गावात घातला तर जॉबर कुठून आणणार?

माझी आई कांड्या भरते. कांडीवर आडवा धागा गुंडाळलेला असतो. ती धोट्यात बसवतात आणि धोटा खटाखट इकडून तिकडे पळतो. तिथे इतका आवाज असतो की आई घरी पण मोठ्यानेच बोलते. आता एअरजेट नावाचे नवे माग आलेत. ते आडवा धागा हवेच्या झोताने फेकतात. साध्या मागापेक्षा कितीतरी भराभर विणतात आणि कापडही चांगले निघते. पण त्यांना धोटा नसतो. धोटा नाही म्हणजे कांडी नाही.

मी हे आईला सांगितले. ती म्हणाली, "मला ठावं हाय की. आमच्या मालकानं आठ माग भंगारात घातलं. सोळा ऱ्हायल्यात."

आजोबा म्हणाले, "यंत्रमाग आलं तवा हातमागवाल्यांचंबी असंच झालं."

एअरजेटच्या कारखान्यात कापड तपासायला माणसे लागतात. दिवाळी झाली की आई तिथे विचारायला जाणार आहे.

– इयत्ता चौथी