आधी साखळीबाहेरचं गिऱ्हाईक

चि. भाचेराव यास,

नेटवर्क मार्केटिंगमध्ये नुकतंच नाव नोंदवलं आहेस आणि नवख्याने कोणत्या चुका टाळाव्यात, असं तू विचारलंस. विचारलंस हे बरं केलंस, पण तुला हवं असलेलं उत्तर माझ्याकडून मिळणार नाही. प्लॅन कसा दाखवावा, यादीत आधी कुणाचं नाव घ्यावं, नकार आला तर फॉलोअप किती दिवसांनी करावा, हे शिकवणारे तुझ्या अपलाइनमध्ये, म्हणजे साखळीत तुझ्या वर असलेल्यांत, भरपूर सापडतील. माझ्या मते त्या सगळ्या चुका दुय्यम आहेत. मुळातली चूक एकच, आणि ती पहिल्याच दिवशी होते: आपण माल विकत घेतला, हाच आपला धंदा झाला असं समजणं. पॅकेज घेऊन आयडी, म्हणजे सभासद क्रमांक, लागली की पोराला वाटतं आपण व्यापारी झालो. खरं तर त्या दिवशी धंदा वरच्याचा झालेला असतो आणि आपण त्याचं गिऱ्हाईक झालेलो असतो. पुढे उधारीवर माल उचलणं, भावकी दुखावणं, आयडी अ‍ॅक्टिव्ह राहावी म्हणून दर महिन्याला नको असलेले डबे घरात आणणं, हे सगळं या एका गैरसमजातून निघतं.

तुझा अपलाइन यावर म्हणेल की पिरॅमिड कुठे नसतो? कंपनीच्या खाली डिस्ट्रिब्युटर, त्याच्या खाली डीलर, त्याच्या खाली दुकानदार, आणि प्रत्येकाला आपापलं कमिशन. ऐकायला बिनतोड वाटतं. पण आपल्या उंद्री-चिखलीकडच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्राकडे नीट बघ. खताची गोणी शेवटी ज्याच्या वावरात रिकामी होते, तो शेतकरी त्या उतरंडीत नसतो. त्याला खत हवं असतं म्हणून तो पैसे देतो. दुसरा शेतकरी आणून दिला तर काही मिळेल, या आशेने देत नाही. वरच्या सगळ्यांचं कमिशन त्या बाहेरच्या माणसाच्या खिशातून येतं. नेटवर्कमध्ये हा बाहेरचा माणूस बऱ्याचदा नसतोच. माल घेणारा प्रत्येक जण आयडीवाला असतो, म्हणजे वरच्याची कमाई ही खालच्याची खरेदी असते आणि त्या खालच्याला आणखी खालच्याची वाट बघावी लागते. फरक एवढाच आहे, पण सगळा निकाल त्या फरकावर लागतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1979 मध्ये नेटवर्क कंपनी अ‍ॅमवेचा निकाल देताना नेमकं हेच तपासलं होतं. ती कंपनी बेकायदा पिरॅमिड नाही असं आयोगाने ठरवलं, त्यामागे तिचे तीन नियम होते: घेतलेल्या मालातला किमान 70 टक्के विकला गेला पाहिजे, महिन्याला निदान दहा किरकोळ गिऱ्हाइकांना विक्री झाल्याचा पुरावा हवा, आणि सोडून जाणाऱ्याचा पडून राहिलेला माल कंपनीने परत घ्यावा. हे नियम प्रत्यक्षात किती पाळले जातात हा वेगळा वाद आहे. कसोटी मात्र चांगली आहे, आणि ती तुला उंद्रीत बसून लावता येते.

आता हिशेब. सेमिनारमध्ये फळ्यावर गोल काढून सांगतात की तू फक्त पाच जण जोड, त्यांनी पाच-पाच जोडावेत. पाच, पंचवीस, सव्वाशे, सहाशे पंचवीस. चौथ्या पायरीशी खडू थांबतो, कारण तिथवर आकडे गोड असतात. तू थांबू नकोस. नवव्या पायरीवर 19 लाख 53 हजार 125 माणसं लागतात, आणि वरच्या सगळ्या पायऱ्या व तू स्वतः धरून बेरीज 24 लाख 41 हजार 406 होते. 2011 च्या जनगणनेत आपल्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 86 हजार 258 होती. म्हणजे पाळण्यातल्या लेकरापासून खाटेवरच्या आजीपर्यंत जवळपास सगळा जिल्हा नवव्या पायरीत संपला. दहाव्या पायरीला आणखी 97 लाखांवर माणसं लागणार. तू म्हणशील, प्रत्यक्षात कोणाचीच साखळी अशी भरत नाही. खरं आहे, आणि म्हणूनच दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. पाचाच्या साखळीत पायऱ्या चार असोत की नऊ, साधारण 80 टक्के माणसं कायम सगळ्यात खालच्या पायरीवर असतात आणि त्यांच्याखाली कोणीच नसतं. शेवटच्या दोन पायऱ्या धरल्या तर 96 टक्के झाले. हे लोक आळशी किंवा निगेटिव्ह असतात म्हणून तिथे नसतात. त्या आकृतीची मांडणीच तशी आहे. उद्या सगळ्यांनी दुप्पट मेहनत केली तर साखळी लांबेल, पण खालच्यांचं प्रमाण तेच राहील. ‘जो टिकतो तो जिंकतो’ असं स्टेजवरून सांगतात तेव्हा हे 80 टक्के कुठे गेले, हे कोणी सांगत नाही.

काही जण कमावतात, हे मी नाकारत नाही. डायमंडचा बिल्ला लावलेला माणूस खोटाच असतो असं नाही. वरच्या चार टक्क्यांत कोणीतरी असणारच. प्रश्न असा की नवख्याच्या वाट्याला साधारण काय येतं. याचं उत्तर कंपन्यांच्याच कागदांत सापडतं. त्याच फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी सप्टेंबर 2024 मध्ये 70 मल्टिलेव्हल कंपन्यांची उत्पन्नपत्रकं तपासून अहवाल दिला. बहुतेक सहभागींना वर्षाला हजार डॉलर किंवा त्याहून कमी मिळालं होतं, म्हणजे महिन्याला 84 डॉलरच्या आत. एवढे पैसे त्या देशात एखाद-दोन दिवसांच्या मजुरीत सुटतात. शिवाय ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांना ही पत्रकं बऱ्याचदा गाळतात, आणि माणसाने पदरचा केलेला खर्च त्यात धरत नाहीत. तो खर्च तू तरी धर. दर महिन्याची स्वतःची खरेदी, गाडीचं पेट्रोल, खामगावला किंवा छत्रपती संभाजीनगरला सेमिनार असेल तर तिकीट आणि मुक्काम, नवीन बूट-टाय, आणि त्या दिवशी बुडालेली रोजी. वहीत डाव्या बाजूला हे लिही आणि उजव्या बाजूला बँकेत खरोखर जमा झालेलं कमिशन. मोबाइल अ‍ॅपवर दिसणारे पॉइंट उजव्या बाजूला लिहायचे नाहीत.

या वहीत न मावणारा एक खर्च आहे, आणि उंद्रीसारख्या गावात तो सगळ्यात मोठा. पहिल्याच आठवड्यात तुला शंभर नावांची यादी काढायला सांगतील. शहरातल्या माणसाच्या यादीत ऑफिसातले, सोसायटीतले, जिममधले असतात. त्यातले वीस तुटले तर त्याचं फारसं अडत नाही. तुझ्या यादीत कोण असणार? चुलते, आतेभाऊ, वर्गमित्र, बचत गटातल्या मावश्या, लग्नाच्या बोलणीत असलेले सोयरे. सोयाबीनला भाव पडला की ज्याच्याकडून हातउसने मिळतात तोही त्यातच. म्हणजे ज्यांच्या भरवशावर घर उभं असतं तेच तुझं भांडवल, आणि ते भांडवल एकदाच वापरता येतं. काकाने तुझ्याकडून घेतलेला डबा त्याला पटला म्हणून घेतला की तुझं मन मोडू नये म्हणून, हे तुला कधीच कळणार नाही. पुन्हा मागायला गेलास की दार हळूच लोटलं जाईल.

आपल्याकडे असं झालं आहे, आणि फार लांब नाही. नाशिकच्या केबीसी मल्टिट्रेड या कंपनीने थोड्या वर्षांत कितीतरी पट परताव्याचं आणि माणसं जोडण्यावर कमिशनचं आमिष दाखवून नाशिकपासून परभणीपर्यंत पैसा गोळा केला. 2014 मध्ये डोलारा कोसळला तेव्हा कंपनी चालवणारं दांपत्य सिंगापुरात होतं. मुंबई विमानतळावर त्यांना अटक झाली ती 2016 मध्ये. त्या दोन वर्षांत लोकांनी जाब कोणाला विचारला असेल? गावातच राहणाऱ्या, स्वतःचेही पैसे अडकलेल्या एजंटाला. कंपनीचा पत्ता बदलतो, जोडणाऱ्याचं घर बदलत नाही. जानेवारी 2025 मध्ये मुंबईत दादरला टोरेस या कंपनीच्या शोरूमसमोर पैसे अडकलेल्यांची गर्दी उसळली. तिथे कृत्रिम खडे आणि आठवड्याला व्याज असा मामला होता, आणि ओळखीतल्यांना आणण्याचं आमिषही होतं. शहर वेगळं आणि माल वेगळा, बाकी चाल जुनीच.

तू म्हणशील, मामा, ही तर फसवणुकीची उदाहरणं झाली. माझी कंपनी रजिस्टर्ड आहे, जीएसटी भरते, खरा माल देते. मान्य. सगळ्या कंपन्या केबीसी नसतात, आणि थेट विक्री या नावाने हा कायद्याने मान्य केलेला व्यवसाय आहे. पण रजिस्ट्रेशन म्हणजे नफ्याची हमी नाही, आणि कायदेशीरपणाचीही पुरती नाही. 2007 मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने अ‍ॅमवेची योजना 1978 च्या पैसा-फिरवणुकीच्या योजनांवर बंदी घालणाऱ्या कायद्याच्या कक्षेत येते असं म्हटलं होतं. एप्रिल 2022 मध्ये ईडीने त्याच कंपनीच्या 757 कोटींच्या मालमत्तेवर टाच आणली. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. तुझ्या दृष्टीने मोलाची गोष्ट वेगळीच आहे. 1978 चा तो कायदा फक्त कंपनी काढणाऱ्याला धरत नाही, अशा योजनेत सभासद होणाऱ्याला आणि भाग घेणाऱ्यालाही धरतो, आणि योजना चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 28 डिसेंबर 2021 ला लागू झालेले थेट विक्रीचे नियमही वाच. त्यांत पिरॅमिड योजनेला बंदी आहे, नाव नोंदवायला फी घेता येत नाही, आणि करार केल्यावर ठरावीक मुदतीत दंड न भरता बाहेर पडता येतं. तुझ्या करारात ती मुदत किती दिवसांची आहे, हे अपलाइनला विचारू नकोस, कागदावर बघ. पॅकेज घेतल्याशिवाय आयडी लागतच नसेल, तर ती फी हे नाव न दिलेली फीच आहे असं मी समजतो.

मालाबद्दल थोडकंच लिहितो. गावात असे दोन माल जास्त चालतात: मधुमेह-सांधेदुखीवरची पावडर आणि पिकाचं टॉनिक. पावडरीने मधुमेह बरा होतो असं तोंडाने किंवा स्टेटसवर सांगणं हा 1954 च्या औषध व जादूटोणा उपचार जाहिरात कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि एखाद्याने गोळी बंद केली तर जे होईल ते कायद्यापलीकडचं आहे. टॉनिकचं म्हणशील, तर कीटकनाशक विकायला परवाना लागतो, आणि जैव-उत्तेजकंही 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. बाटलीवर नोंदणी नसेल आणि कपाशीची पानं करपली, तर शेतकरी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावत बसणार नाही. तो तुझ्या ओट्यावर येईल, आणि त्याचं बरोबर असेल.

राहिला तुझा सगळ्यात खरा मुद्दा: नोकरी नाही, कोरडवाहूवर भागत नाही, मग करायचं काय? याला माझ्याकडे तयार उत्तर नाही, आणि असल्याचं सोंगही आणणार नाही. तुझी अडचण खरी आहे म्हणूनच हा प्लॅन तुझ्यापर्यंत पोचतो. ज्याला पगार आहे त्याच्या दारी तो इतक्या लवकर जात नाही. सेमिनारमुळे तुला चारचौघांत बोलता येऊ लागलं, टाळ्या मिळाल्या, कोणीतरी ‘सर’ म्हणालं, हेही मी हलकं मानत नाही. पदवी घेऊन घरी बसलेल्या पोराला एवढं दुसरीकडे कोण देतं? पण बोलण्याचं कसब तुझं स्वतःचं आहे. ते घेऊन एखाद्या दुकानात, बियाणं कंपनीच्या विक्रीत किंवा विमा एजन्सीत गेलास, तर निदान मोबदला विक्रीवर ठरेल, माणसं अडकवण्यावर नाही. आणि ‘निगेटिव्ह लोकांपासून लांब राहा’ असं ज्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात, त्याच्याबद्दल मला जरा जास्तच संशय येतो. हिशेब विचारणाऱ्याला टाळायला खरा व्यापारी कधी सांगत नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. सोडून दे असं मी सांगत नाही. तू मोठा आहेस. पुढचे तीन महिने कोणाचीही आयडी लावू नकोस. जो माल घरात आला आहे तो छापील भावात विकून बघ, पण अशाच माणसांना ज्यांना नेटवर्कमध्ये यायचं नाही आणि जे तुझे नातलग नाहीत. प्लॅनचा एक शब्द काढायचा नाही, फक्त वस्तू आणि किंमत. तोच साबण, तीच पेस्ट, तेच प्रथिन चिखलीच्या दुकानात कितीला मिळतं ते शेजारी लिहून ठेव. अशी दहा गिऱ्हाइकं मिळाली आणि त्यांनी दुसऱ्या महिन्यात न सांगता पुन्हा माल मागितला, तर तुझ्याजवळ धंदा आहे आणि मी माझं म्हणणं मागे घेईन. मिळाली नाहीत, किंवा करारातली बाहेर पडायची मुदत त्याआधीच संपत आली, तर उरलेला माल लेखी पत्राने परत कर आणि पोच घे. कंपनी ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे, तिथे तक्रार नोंदव. तोवर आईच्या दागिन्यावर किंवा पीककर्जाच्या पैशावर एकही पॅकेज उचलू नकोस, आणि वही घेऊन दिवाळीला ये.

तुझा,
मामा