हवेंतील औषधांचा अंश पंपाशिवाय कसा मोजावा

पिकावर मारलेलें औषध पिकावरच राहतें, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः त्याचा कांहीं भाग पानांवरून व तापलेल्या जमिनींतून वाफेच्या रूपानें उठतो, वाऱ्याबरोबर दूर जातो आणि थंड जागीं पुन्हां खालीं उतरतो. डी.डी.टी., बी.एच.सी. यांसारखीं क्लोरीनयुक्त औषधें वर्षानुवर्षें टिकतात. तीं चरबींत विरघळतात व चाऱ्यावाटे जनावरांच्या दुधांत येतात. म्हणून हवेंत त्यांचा अंश किती आहे हें कळणें शेतकऱ्याच्या हिताचें आहे. शिवाजी पेठेंत घर व पंचगंगेकांठीं उंसाचें शेत असलेल्या वाचकांस हा नमुना गच्चीवर व बांधावर घेतां येण्याजोगा आहे. त्याची रीत येथें देत आहों.

तत्त्व.— लोण्याच्या गोळ्याशेजारीं चिरलेला कांदा ठेवला तर लोण्यास वास लागतो. तेथें कोणी पंप लावीत नाहीं. वासाचे कण हवेंतून आपोआप येऊन लोण्यांत मुरतात. हीच युक्ति येथें योजिली आहे. गाद्यांत भरतात त्या जातीच्या पॉलियुरेथेन फोमची, सुमारें १४ सेंटीमीटर व्यासाची व दीड सेंटीमीटरहून किंचित् कमी जाडीची चकती घेतात. ती पोलादाच्या दोन वाडग्यांमध्यें अधांतरीं बसवितात. वरचा वाडगा मोठा व उपडा, खालचा लहान व उताणा असतो. दोहोंमधील फटींतून हवा खेळते. ऊन, पाऊस व सोसाट्याचा वारा यांपासून चकतीचें रक्षण होतें. वीज लागत नाहीं व राखणदारही लागत नाहीं. डिसेंबर २००४ पासून टोरंटो येथील शास्त्रज्ञांनीं अशाच चकत्या सातही खंडांवर ठेवून जगाच्या हवेची पाहणी सुरू केली.

हिशेब.— अशी एक चकती दिवसाला सुमारें ३ ते ४ घनमीटर हवेंतील द्रव्य शोषून घेते. समजा, साडेतीन घनमीटर धरून चकती ९० दिवस ठेवली, तर ३१५ घनमीटर हवेचा नमुना झाला. प्रयोगशाळेंत तींतून ६३ नॅनोग्रॅम औषध निघालें, तर दर घनमीटरास ०.२ नॅनोग्रॅम पडलें. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढा सूक्ष्म अंश द्रावकानें धुवून काढून वायुवर्णलेखन यंत्रावर मोजतात. हें काम घरीं होणारें नव्हे. म्हणून चकती टांगण्यापूर्वींच प्रयोगशाळेशीं बोलणें करून ठेवावें. कोल्हापुरांत १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे; तेथील रसायन व पर्यावरण विभागांकडे प्रथम चौकशी करावी.

ठेवण्याची रीत.— पात्र जमिनीपासून पुरुषभर उंच, मोकळ्या वाऱ्यांत टांगावें. चूल, धुराडें, वाळवीचें औषध घातलेली भिंत व औषधांची कोठी यांपासून तें दूर असावें. चकतीस उघडा हात लावूं नये. नेतांना व आणतांना ती ॲल्युमिनियमच्या पत्रींत गुंडाळून घट्ट झांकणाच्या बरणींत ठेवावी आणि थंड जागीं सांभाळावी. दुसरी एक कोरी चकती क्षणभरच बाहेर काढून परत बंद करावी. वाटेंत किती अंश लागला हें तिच्यावरून कळतें व तो मुख्य आंकड्यांतून वजा करतां येतो. एक पात्र पेठेंतील गच्चीवर व दुसरें शेतांत, अशीं दोन एकाच दिवशीं लावलीं तर शहर व शिवार यांची तुलना होते. पावसाळ्यांत एकदां आणि गुऱ्हाळें चालतात त्या हिंवाळ्यांत एकदां, असे निदान दोन नमुने घ्यावे. चुलवाणांतील व पाचट जाळल्याच्या धुरांतील बहुवलयी हायड्रोकार्बनेंही या चकतींत सांपडतात.

निकाल कसा वाचावा.— आलेला आंकडा तीन महिन्यांची सरासरी होय. एखाद्या दिवशीं शेजारच्या शेतांत फवारणी होऊन हवा फार बिघडली असेल, तर तें यावरून वेगळें दिसणार नाहीं. तसेंच वारा व उष्णमान यांप्रमाणें शोषणाचा वेग बदलतो. म्हणून हा हिशेब अदमासाचा समजावा.

तथापि घटकांचें परस्पर प्रमाण बरेंच सांगून जातें. हुमणीसाठीं आपल्याकडे बी.एच.सी.ची भुकटी वापरीत असत; भारतांत तिच्यावर १९९७ सालीं बंदी आली. तींत आल्फा घटक शेंकडा ६० ते ७० व गॅमा १० ते १५ असे. लिंडेन म्हणजे जवळजवळ निव्वळ गॅमा. त्याचा वापर २०१३ पासून बंद आहे. तेव्हां गॅमा फार वरचढ दिसला, तर लिंडेनचा संशय येतो. डी.डी.टी.वर शेतीपुरती बंदी १९८९ सालीं आली. हिंवतापाच्या डासांसाठीं तें त्यानंतरही वापरलें गेलें. तें जुनें होतां होतां डी.डी.ई. बनतें. डी.डी.ई. अधिक असेल तर अंश जुना, डी.डी.टी. अधिक असेल तर वापर ताजा, असा तर्क करतात.

२००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत भारताच्या किनारपट्टीवरील शहरें, खेडीं व पाणथळ जागा येथें अशा चकत्या ठेविल्या होत्या. शेतींतील बंदीला बरींच वर्षें लोटूनही बी.एच.सी. व डी.डी.टी. या दोहोंचे अंश तेथें आढळले. टिकाऊ विषांविषयींच्या स्टॉकहोम कराराला भारतानें २००६ सालीं मान्यता दिली. त्या करारान्वयें हवेची अशी तपासणी जगभर होते.

यापासून घ्यावयाचा बोध असा. माळ्यावर पडलेलें जुनें, बंदी आलेलें औषध "वांया कां घालवावें" म्हणून शेतांत टाकूं नये, जाळूं नये व ओढ्यांतही ओतूं नये. कृषि खात्यास कळवून त्याची वासलात लावावी. प्रत्येक फवारणीची तारीख, औषधाचें नांव व माप वहींत टिपावें. हवेंत अंश सांपडला म्हणजे बोट प्रथम शेतकऱ्याकडे दाखविलें जातें. अशा वेळीं चकतीचा आंकडा व आपली वही हीं दोन्हीं जवळ असलीं, तर दोष कोणाचा हें पुराव्यानिशीं सांगतां येईल, आणि आपलाच असेल तर तो वेळीं सुधारतां येईल.