मशीनने पॉलिश केलं तर गाडीचा रंग झिजतो का?

प्रश्न : माझी गाडी काळ्या रंगाची आहे. केडगाव-चौफुला भागात रोजचं फिरणं. सावलीत गाडी छान दिसते, पण उन्हात उभी केली की बॉनेटवर गोल गोल रेघांचं जाळं दिसतं. गॅरेजवाले म्हणतात, मशीनने रबिंग-पॉलिश करून वर वॅक्स मारू, नव्यासारखी होईल. मित्र म्हणतो, मशीन लावलं की रंग झिजतो. खरं कोणाचं? दसऱ्याआधी करून घेऊ का?
— एक वाचक, केडगाव (ता. दौंड)

उत्तर : दोघांचंही खरं आहे. पॉलिशने चमक येते ती झिजवूनच येते. मात्र झिजतो तो रंग नव्हे, रंगावरचा पारदर्शक थर.

तुमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यात जीप कंपास तयार होते. तिथे काय किंवा दुसऱ्या कुठल्या कारखान्यात काय, पत्र्यावर साधारण चार थर चढतात. आधी विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर, मग प्रायमर, मग आपण ज्याला रंग म्हणतो तो थर आणि सगळ्यांत वर तो पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट. चारही मिळून जाडी भरते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे शंभर-सव्वाशे मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट अवघा ४० ते ५० मायक्रॉनचा, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला तोच वाचवतो. तुम्हाला दिसणारं जाळं याच थरावरच्या बारीक ओरखड्यांचं आहे.

आता एक गंमत पाहा. ते ओरखडे मुळात गोल नसतातच. उभे, आडवे, तिरपे, कसेही पडलेले असतात. ओरखडा ही एक बारीक चर असते आणि ती उजेड आपल्या लांबीच्या काटकोनातच फेकते. त्यामुळे सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जे ओरखडे योग्य बाजूला आडवे पडलेले असतात, तेवढेच आपल्या डोळ्यांपर्यंत चमकतात. त्यांची मिळून वर्तुळं भासतात. बॉनेटसमोर उभे राहून डोकं थोडं डावी-उजवीकडे हलवा, वर्तुळांचा मध्यही तुमच्याबरोबर सरकेल. पांढऱ्या गाडीवरही एवढेच ओरखडे असतात. काळ्या रंगावर ते लपत नाहीत, इतकंच.

हे ओरखडे येतात कुठून? तुमच्या भागात याचं उत्तर हवेतच आहे. केडगाव, यवत, पाटस या पट्ट्यात गुऱ्हाळं आहेत, चुलवणात चिपाडं जळतात. ऊसतोडीनंतर फडातलं पाचट पेटवलं जातं. शिवाय गाळपाच्या हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून उडणारी काजळी असते. उसाच्या राखेत सिलिका भरपूर असते, म्हणजे वाळूतलाच घटक. ती रात्रभर गाडीवर बसते आणि सकाळी आपण कोरडं फडकं घेऊन ती ‘पुसतो’. ओरखडे पडतात ते तिथे. मशीनचा विचार करण्याआधी ही सवय सोडा, नाहीतर पॉलिशचा खर्च महिन्याभरात वाया जाईल. आधी नुसत्या पाण्याने राख वाहू द्या, मग शाम्पू आणि शेवटी मायक्रोफायबरचं कापड. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने धूत असाल तर गाडी उन्हात सुकू देऊ नका, पांढरे डाग राहतात आणि जुने झाले की तेही पॉलिशशिवाय निघत नाहीत.

आता मशीनकडे येऊ. रबिंगसाठी पॅडला लावतात त्या कंपाउंडमध्ये अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे अतिशय बारीक, कठीण कण असतात. पॅड फिरतं तेव्हा ते कण ओरखड्याच्या दोन्ही काठांवरचा क्लिअर कोट खरवडून ओरखड्याच्या तळापर्यंत सपाटी आणतात. पृष्ठभाग सपाट झाला की उजेड सरळ परततो आणि आपल्याला चमक दिसते. जोरकस कंपाउंडच्या एका कामात दोन-चार मायक्रॉन जाऊ शकतात. म्हणजे हे काम एका गाडीच्या आयुष्यात मोजून थोड्याच वेळा करता येतं. दर दसऱ्याला करण्याचं ते काम नव्हे. ज्या ओरखड्यात नख अडकतं, तो पॉलिशने जाणारच नाही. त्याच्या मागे लागून आजूबाजूचा थर उगाच संपवू नये.

गॅरेजमध्ये बहुधा रोटरी मशीन असतं. पॅड एकाच अक्षाभोवती फिरतं, काम झपाट्याने होतं, पण एका जागी थांबलं की उष्णता साचते. पत्र्याच्या कडा आणि घड्या इथे थर मुळातच पातळ असतो. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने उष्णता पसरू देत नाही. रंग जळतो तो याच जागी. कडांना मास्किंग टेप लावणारा कारागीर मला विश्वासाचा वाटतो. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनचं पॅड फिरता फिरता डुलतंही, त्यामुळे ते हळू पण बरंच सुरक्षित असतं. घरी स्वतः करायचं असेल तर तेच घ्या. चार इंची ग्राइंडरला पॅड जोडून पॉलिश करणारे दिसले तर मात्र गाडी तिथून परत आणा. ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो, पॉलिशला दोन हजारही पुष्कळ होतात.

काम सावलीत, पत्रा गार असताना व्हावं. सुरुवात मऊ पॅड आणि सौम्य पॉलिशने, तीही फूटभर जागेवर. तेवढ्यानेच जाळं गेलं तर कंपाउंडला हातच लावू नका. दोनेक फुटांचा चौकोन धरून आधी आडवं, मग उभं, सावकाश फिरवत न्यायचं. काही पॉलिशमध्ये तेलं असतात, ती ओरखडे भरून टाकतात. दोन धुण्यांनंतर जाळं पुन्हा वर येतं. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसून उन्हात बघा, काम खरं झालं की नुसतं झाकलं हे तिथेच कळतं.

वॅक्सचं काम वेगळं. ते काही काढत नाही, वर एक पातळ थर ठेवतं. कार्नोबा वॅक्स ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. नैसर्गिक मेणांत ते फार कठीण, वितळतं ८० अंश सेल्सिअसच्या वर. तरी आपल्या उन्हाळ्यात ते दीड-दोन महिन्यांहून जास्त टिकेल असं धरू नका. मशीनने लावायचं तर सगळ्यांत मऊ पॅड, कमी वेग आणि अगदी पातळ हात. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, पुसताना हात मात्र दुखतात. गाडीचा एखादा भाग गॅरेजमध्ये नव्याने रंगवला असेल तर त्यावर महिनाभर वॅक्स नको, त्यातलं द्रावक बाहेर पडू द्या.

राहिला दसऱ्याचा प्रश्न. दसऱ्यानंतर उसाचा गाळप हंगाम सुरू होतो आणि काजळीचे दिवस येतात. म्हणून दसऱ्याआधी गाडी नीट धुऊन नुसतं वॅक्स मारा, थंडीत ते उपयोगी पडेल. मशीनचं पॉलिश कारखाने बंद झाल्यावर, उन्हाळ्यात सावलीची जागा बघून करून घ्या. आणि पूजेला बॉनेटवर काढलेलं हळदी-कुंकवाचं स्वस्तिक दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी ओतून उतरवा, कोरड्या फडक्याने घासून नको.