दगडी कुऱ्हाडीचा पत्ता

मुलांनो, सुमारे ६००० वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये शेती सुरू झाली. झाडे तोडायला लोक घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी वापरत. अशी कुऱ्हाड लिंकनशरच्या शेतात सापडली, तर तिचा दगड मूळचा कुठला हे कसे ओळखायचे?

नुसत्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून कुऱ्हाडीची बारीकशी चकती कापतात, काचेवर चिकटवतात आणि ०.०३ मिलिमीटर जाडीची होईपर्यंत घासतात. मग तिच्यातून प्रकाश आरपार जातो! ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली खनिजांचे कण वेगवेगळ्या रंगांत दिसतात. कोणती खनिजे, केवढे कण, कशी रचना, हे निरनिराळ्या डोंगरांतल्या दगडांशी ताडून पाहतात. जुळले, की पत्ता मिळाला! आता क्ष-किरणांच्या यंत्राने, न कापताही दगडातली मूलद्रव्ये मोजता येतात.

अशा अनेक कुऱ्हाडींचा पत्ता एकच निघाला: लेक डिस्ट्रिक्टमधील लँगडेलचे डोंगर. तिथला ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला हिरवट दगड २०० किलोमीटरांहून दूर, आयर्लंडपर्यंतही पोहोचला होता. गंमत म्हणजे, तसाच दगड सोप्या जागी मिळत असताना लोकांनी पाईक ऑफ स्टिकलच्या कड्यावरील अवघड कपारींत चढून तो काढला. दगड कुठून आणला, यालाही त्यांच्या लेखी मोल असावे.

शब्दार्थ: ताडून पाहणे – तुलना करणे. कपार – कड्यातील खाच. ध्रुवीकृत प्रकाश – एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश.

आई-बाबांना विचारा: आपल्या घरातली कोणती वस्तू ‘कुठून आली’ म्हणून जपून ठेवली आहे?